जंतू मारणारे कठडे

डिचोलीतल्या त्या लहानशा खाजगी इस्पितळात सहा खाटांना नवे कठडे बसले आणि त्याच दिवशी खाटा पुसणाऱ्या शेवंतीचं काम सुटलं. कठडे साधे नव्हते. त्यांच्या प्लॅस्टिकमध्येच औषध घातलेलं होतं. जंतू बसला की मेला, असं कंपनीचा तुषार छातीठोकपणे सांगत होता.

"मगे पुसणारी बाई कित्याक?" इस्पितळाचे मालक डॉक्टर दत्तप्रसाद म्हणाले. कठडे रोज साबणाने धुवावेत, असं माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरांत छापलं होतं. ते कोण वाचतो?

वर आणखी हुकूम सुटला, कठड्यांवरचं वेष्टन कोणी काढायचं नाही. उद्घाटनाला आमदार यायचे होते, तोवर नवेपणा टिकायला हवा. आमदार महिनाभर फिरकले नाहीत. जंतू मारणारं प्लॅस्टिक आत सुखरूप राहिलं, आणि वरच्या साध्या प्लॅस्टिकवर पेज सांडत होती, येणारेजाणारे हात पुसत होते.

अशात शेवंतीचा नवरा गोपाळ, खाणीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, पायाचं ऑपरेशन होऊन सहा नंबरच्या खाटेवर पडला. जखम चिघळली तर पाय जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बारा वर्षं त्याच वॉर्डात तिने हे पाहिलं होतं. तिने पहिल्याच दिवशी त्या खाटेचं वेष्टन फाडलं, घरून बादली आणि साबण आणला, आणि दिवसातून तीनदा कठडे पुसू लागली.

आठवड्याने तुषार कापसाच्या काड्यांवर नमुने घेऊन गेला. अहवाल आला. पाच खाटांवर जंतूंची जत्रा, सहावी मात्र स्वच्छ.

"बघा डॉक्टर! वेष्टन काढलं तिथे माल काम करतो!" तुषारने टेबलावर थाप मारली.

शेवंती दारातच होती. "डॉक्टरानू, ती खाट मी दिसाक तीनदा पुसतंय. साबणान."

तुषारचा चेहरा उतरला. दत्तप्रसाद मात्र लगेच सावरले. "तुका कोणी सांगल्यान पुसूक? हय टेस्ट चालू आसा!"

अहवालात पुसण्याचा उल्लेख आला नाही. 'परिणाम उत्तम' असा शेरा पडला आणि वरच्या मजल्यासाठीही कठड्यांची मागणी गेली. सहा नंबरची खाट पाहुण्यांना दाखवायला राखून ठेवली. गोपाळला उचलून दोन नंबरवर नेलं, तेवढीच रिकामी होती. बाकी सगळ्या खाटांची वेष्टनं निघाली, दोन नंबरचं मात्र तसंच राहिलं.

शेवंतीच्या अंगाचा भडका उडाला. पण नवरा त्यांच्या हातात, भांडणार कुणाशी? तिने फडकं पिळलं आणि दोन नंबरच्या कठड्याला लावलं, तोच दत्तप्रसाद धावत आले.

"गो, थांब! ती पुसा नको! आमदारांका फरक दाखवूक एक खाट तरी घाणेरडी ऱ्हवाक होयी ना!"