पुंडलिकरावांचा नेम

गुणवंता सकाळपासून तिसऱ्यांदा हात धुऊन आला, तेव्हा उर्मिलाने शेवटी विचारलंच, "विमानं पाडाले जाऊन राह्यले का पूजेले?"

"तुले गंमत सुचून राह्यली," गुणवंता म्हणाला. "मामाजी दहाच्या मोटारीनं येऊन राह्यले."

मामाजी म्हणजे उर्मिलाचे वडील, सौसरचे पुंडलिकराव. संत्र्याचे व्यापारी. लग्नाला आठ वर्षं झाली, पण 'या' आणि 'जेवा' या दोन शब्दांपलीकडे त्यांनी जावयावर तिसरा शब्द खर्च केला नव्हता. पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर नाकातोंडात रुई भरून घेणारा, खोकत घरी येणारा जावई त्यांच्या डोळ्यांत कधी भरलाच नाही.

हे सगळं बदललं एका व्हिडिओ गेममुळे. दिवाळीनंतर जिनिंगचा पट्टा आणायला गुणवंता नागपूरला गेला होता. स्टेशनजवळच्या एका दुकानात कपाटाएवढं मशीन उभं होतं आणि काचेत दुश्मनाची विमानं उडत होती. गुणवंताने हँडल धरलं, बटण दाबलं आणि पटापट विमानं पडायला लागली. तो भारावून परत आला आणि भेटेल त्याला सांगत सुटला. पांढुर्ण्यात सांगताना सात विमानं पडली होती. जाम नदी ओलांडून सावरगावला जाईपर्यंत त्यांची पंधरा झाली आणि सासुरवाडीला पोचली तेव्हा तीस भरली होती.

पुंडलिकरावांनी त्या दिवशी जावयाला पहिल्यांदा प्रश्न विचारला. "असं मशीन सौसरच्या बसस्टँडवर ठेवलं तं चालन का?"

"चालन? धावन, मामाजी."

"मंग घेतो. जिनिंग सोडा आन् चालवा तुमी. पण आधी तुमाले खेळताना पाहीन."

रुईतून सुटका आणि सासऱ्याच्या नजरेत जागा, दोन्ही एकाच दाराने येत होत्या. गुणवंताला पंधरा दिवस झोप नव्हती. त्यातच मोतीराम नावाच्या माणसाने नागपूरहून तसलंच मशीन आणून पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागे टिनाखाली ठेवलं. चांगला भाव आला तर विकायचीही त्याची तयारी होती. आठवडाभर रिक्षावर भोंगा लावून तो गावभर ओरडत होता, "नेमबाज गुणवंताभाऊ यांच्या हस्ते उद्घाटन!" ज्याने हा गेम खेळला नाही त्याचा जन्म फुकट गेला, असं आता गुणवंताला कोणाला सांगावंच लागत नव्हतं. लोकच त्याला सांगत होते.

आज ते उद्घाटन, त्यात बाजाराचा दिवस. टिनाखाली पाय ठेवायला जागा नाही. पुंडलिकराव धोतराचा सोगा हातात धरून पुढे उभे. नारळ फुटला, शेरणीचा प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि मोतीरामने गुणवंताच्या हातात रुपयाचं नाणं ठेवलं. "टाका."

नाणं कशाला, असं गुणवंताच्या मनात आलं, कारण नागपुरात कोणी मागितलं नव्हतं. पण एवढ्या लोकांत विचारणार कसं? त्याने टाकलं आणि हँडल आवळलं. पहिलं विमान बाजूने निघून गेलं, दुसरं थेट त्याच्या विमानावर आदळलं. फाट्. पुन्हा फाट्. तिसरा फाट् झाला तेव्हा शेरणीची परात दुसऱ्या ओळीपर्यंतही पोचली नव्हती.

मागून कोणीतरी विचारलं, "सुरू झालं का?"

"संपलं," मोतीराम म्हणाला.

गुणवंताने दुसरं नाणं टाकलं, मग तिसरं. एकही विमान पडलं नाही. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. "मशीन खराब हाय," तो लोकांकडे वळून म्हणाला. "अन् खेळ बी काय, लेकराईचा हाय. शायन्या मानसाचं काम नोहे हे." पंधरा दिवस याच तोंडाने गायलेली आरती लोक विसरले नव्हते. ते हसले. पुंडलिकराव मात्र हँडलकडेच टक लावून पाहत होते.

त्याने मोतीरामला टिनाच्या मागे ओढलं. "नागपूरले हात लावला का विमान पडे. इथं काहून पडून नाई राह्यलं?"

"तिथं नाणं टाकलं होतं?"

"नाई."

"मंग तुमी खेळलेच नाई, भाऊ. गिऱ्हाईक नसलं का मशीन आपलं आपणच खेळून दाखवते, लोकाईनं पहावं म्हणून. तुमी नुसतं हँडल हलवत असान."

गुणवंता तिथेच भिंतीला टेकला. तीसच्या तीस विमानं एका दमात परत आकाशात गेली. त्याला खरोखर रडू आलं. सासऱ्याची मर्जी गेली, दुकान गेलं, उद्यापासून पुन्हा रुई. निदान खरं सांगून टाकावं, खोटारड्यापेक्षा मूर्ख बरा, असं ठरवून तो नाक पुसत पुढे आला.

आणि पाहतो तो काय, हँडल पुंडलिकरावांच्या हातात होतं.

मोतीराम नाणं घेऊन धावला. पुंडलिकरावांनी त्याला तिथेच थांबवलं. "संत्रं फोडून चाखल्याबिगर मी बगीचा घेत नाई. अन् चाखाचे पैसे म्या जन्मात कोणाले देल्ले नाई."

मशीन आपलं आपण खेळत होतं. विमानं पडत होती. लोक मोठ्याने मोजत होते, "नऊ! दहा! अकरा!" मोतीरामने हातातलं नाणं गुपचूप खिशात घातलं. समोर मशीन घेणारं गिऱ्हाईक उभं होतं.

"मामाजी, ते मशीन..." गुणवंता पुढे झाला.

"हात सैल ठेवा लागते, जवाई," पुंडलिकराव मान न वळवता म्हणाले. "तुमी मुरगाळून राह्यले होते. पाहून घ्या." मग त्यांनी मान वळवली. ते हसत होते. सासऱ्याचे दात गुणवंता आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता. "हे इंग्रजीत काय चमकून राह्यलं?"

नाणं टाका, असं चमकत होतं. गुणवंताने मोतीरामकडे पाहिलं. मोतीराम टिनाकडे पाहत होता.

"शाबास म्हणून राह्यलं तुमाले," गुणवंता म्हणाला.

सौदा तिथेच झाला. महिन्याभरात मशीन सौसरच्या बसस्टँडवर आलं आणि गुणवंताने जिनिंग सोडलं. एवढं झालं तरी त्याला सुख नव्हतं. पुंडलिकरावांच्या नेमाची कीर्ती लोधीखेड्यापर्यंत गेली होती आणि ती त्यांनीच नेली होती. उद्घाटनाला तिकडून बैलगाडीने माणसं आली. गुणवंता म्हणाला, "मामाजी, तुमी तसंच खेळा, नाणं राहू द्या." त्याला वाटलं, एवढं जमलं की बस.

पुंडलिकरावांनी बंडीच्या खिशात हात घातला. "तो माल दुसऱ्याचा होता, चाखला. हे दुकान आपलं हाय. आज बोहनी, पयली कमाई. बोहनी फुकट करत नसतात."

"मामाजी, नका..."

नाणं आत गेलं. फाट्. फाट्. फाट्. लोधीखेड्याच्या एका पाहुण्याने नुकतंच पान तोंडात टाकलं होतं, ते तसंच गालात राहिलं.

पुंडलिकरावांनी जावयाचं मनगट धरलं आणि त्याला मशीनच्या मागे नेलं. गुणवंताने डोळे मिटून घेतले.

"जवाई," ते अगदी हळू म्हणाले, "नागपूरले तुमी नाणं टाकलं होतं का?"

"नाई, मामाजी."

"अन् पांढुर्ण्यात तुमाले हे समजलं होतं?"

"हो."

पुंडलिकरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. बाहेरून पाहुण्यांचा आवाज आला, "पुंडलिकराव, गेम कसा हाय मंग? टाकावं का नाणं?"

पुंडलिकराव बाहेर आले आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. "बिनधास्त टाका," ते म्हणाले. "आमचे तं आज डोळे दुखून राह्यले, पण असा गेम नागपुरात बी सापडाचा नाई. विचारा आमच्या जवायाले."

आणि स्टुलावर थोडं सरकून त्यांनी गुणवंताला बसायला जागा करून दिली.