गळ्यावेगळं

एमआरआयच्या दाराशी टेक्निशियननं सांगितलं, "अंगावर धातू नको. बांगड्या, कानातलं, मंगळसूत्र, सगळं काढा."

बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं. मंगळसूत्रापाशी मात्र बायकोचा हात अडला. महिनाभर डोकं ठणकत असताना जी घाबरली नव्हती, तिचा चेहरा आता उतरला. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याच्या आयुष्यासाठी घालतात ते, काही झालं तरी गळ्यावेगळं करायचं नाही.

"गळ्यातच राहील," नवरा म्हणाला. "माझ्या. कोणाचा गळा, ते आईनं कुठे सांगितलंय?"

नवरा कारखान्यात स्टोअरकीपर. स्वतःच्या खिशावर त्याचा विश्वास नव्हता, मग दवाखान्याच्या लॉकरवर कुठून असणार? बाकीचं त्यानं रुमालात बांधून मुठीत धरलं, मंगळसूत्र गळ्यात अडकवलं आणि शर्टाची बटणं वरपर्यंत लावली.

आत यंत्र ठोठावू लागलं आणि बाहेर याला काही सुचेना. बाकावर बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. रिपोर्टात काही भलतंसलतं निघालं तर? येरझाऱ्या घालताना सोन्याच्या वाट्या छातीवर हलत होत्या. मध्येच त्या हलायच्या थांबल्या. पडलं की काय? शर्टात हात घालून त्यानं सर जोरात ओढला, आणि छातीच्या केसांत गुंतलेली वाट्यांची कडी केसांसकट ओढली गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. छाती धरून तो मटकन खाली बसला.

समोरून सिस्टर येत होती.

"काका, छातीत दुखतंय?"

"हो." खोटं कशाला बोलायचं?

"कधीपासून?"

"ओढल्यापासून."

"सिगरेट बंद करा आता," सिस्टर म्हणाली आणि तिनं स्ट्रेचर मागवलं. "अहो, ऐका तरी," असं तो दोनदा म्हणाला, पण आडव्या माणसाचं कोण ऐकतं? तातडीच्या खोलीत ईसीजीसाठी शर्ट उघडला, तेव्हा डॉक्टर बघतच राहिले.

"हे काय?"

"बायकोचं आहे."

"ते दिसतंय. काढा."

"निघत नाही."

सिस्टरनं कात्री उचलली. त्यानं दोन्ही हातांनी सर झाकला.

"याला कात्री लावायची नाही. केस हवे तेवढे न्या."

इकडे बायको बाहेर आली तर बाक रिकामा. वॉर्डबॉय म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना स्ट्रेचरवरून नेलं." ती जागच्या जागी गार पडली. अर्धा तास गळा मोकळा राहिला आणि एवढ्यात हे. अनवाणीच धावत ती खोलीत शिरली. नवरा पलंगावर बसला होता. ईसीजी ठणठणीत, अर्धी छाती गुळगुळीत, मुठीत रुमाल.

ती आधी हसली आणि मग रडली. बराच वेळ रडली.

"दे इकडे," शेवटी नाक पुसत ती म्हणाली.

"रिपोर्ट कधी मिळणार?"

"उद्या संध्याकाळी."

"मग उद्या संध्याकाळी देतो."

"वेडा आहेस का? लोक काय म्हणतील?"

"इतकी वर्षं तू माझ्यासाठी घातलंस. एक दिवस मी तुझ्यासाठी घालतो. असं चालतं का, माहीत नाही."

पुढे वाकून तिनं त्याच्या छातीवरच्या वाट्या हातात घेतल्या.

"उलट्या आल्यात," ती म्हणाली. "नव्या नवरीच्या असतात अशा."

आणि तिनं त्या सरळ केल्या.