गंजराजावरील स्वारी आणि मागल्या खोलीचा निकाल

भांडारधुरंधर, खिळामोळासंरक्षक, राजमान्य राजश्री कोठीसाहेब यांनी गंजराजाचा मोड कैसा केला, ती हकीकत साद्यंत लिहावी ऐसे कोणी सांगितले नाही. परंतु न लिहावी तर खोली जिंकिली कोणी आणि मिळाली कोणास, हे पुढील पिढ्यांस उमगणार नाही, सबब लिहिणे प्राप्त जाहले.

कोठीसाहेब कारखान्याच्या भांडारावर एकतीस वर्षे मुखत्यार होते. कोणी एक वायसर मागावयास आला तर देत, परंतु लेक सासरी धाडावी तैसा देत. मग निवृत्त जाहले आणि तोच बाणा घरी आणिला आणि मागली खोली हा त्यांचा गड जाहला. गडावर झाकणाविना डबे, डब्यांविना झाकणे, काड्या मोडलेल्या छत्र्या, आणि ज्यांची कुलुपे कोणत्या मुलुखी आहेत हे कोणास ठाऊक नाही ऐशा किल्ल्यांची बहुत जमीयत होती. "लागेल कधीतरी," हा गडाचा शिक्का. आणि बाईसाहेब, म्हणजे खासे त्यांचे कुटुंब, लोकांचे कपडे शिवीत. त्यांचे शिवणयंत्र मात्र अकरा वर्षे स्वयंपाकघराच्या वाटेत छावणी करून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कोपरास लागत होते. तेथे सुईत दोरा ओवावयाचा तर दिवसाढवळ्या दिवा लावावा लागे. मागल्या खोलीस पश्चिमेची मोठी खिडकी होती, ती डब्यांआड निजली होती.

ऐशात थोरली कन्या सुट्टीवर आली आणि तिने टीव्हीस जोडावयाचा एक खेळ आणिला. त्याची तऱ्हा ऐसी: पडद्यावर एक मेज, मेजापलीकडे एक बुरखाधारी, तो पत्ते पालथे मांडी, त्यांवरून आपली सोंगटी चालवावी, आणि पान उलटे तैसे नशीब उलटे. कधी दलदल, कधी वाटाड्या, कधी लुटारू. लुटारू निघाले की मेज जाऊन रणांगण येई, आणि मग अंगठ्यांनी बटणे दाबून खरोखर तलवार चालवावी. वाटेत मिळालेली पाने आपल्या गड्डीत ठेवावी वा टाकावी, ही खेळाडूची मर्जी. परंतु लढाईचे समयी त्या गड्डीतून तीनच पाने हाती येत, आणि तीही न बघता. मोहिमेच्या शेवटी गंजराज नामे गनीम बसलेला. त्याच्या नुसत्या स्पर्शे तलवारीचा चुरा होई.

कोठीसाहेबांस जोर चढला. मालाचा हिशेब आम्हांपेक्षा कोणास कळतो, ऐसे बोलिले. बाईसाहेबांनी ते शब्द तेथेच धरिले आणि कन्येने तह लिहिला, की रविवारचे दुपारचे जेवणापूर्वी पाच स्वाऱ्या कराव्या. त्यांत गंजराज पडला तर खोली निरंतर कोठीसाहेबांची, बाईसाहेबांनी पुन्हा शब्द काढू नये. न पडला तर खोली खाली करून यंत्र आत घ्यावे. उभयतांनी माना डोलाविल्या.

मग स्वारी निघाली, आणि जी शिकस्त खाल्ली तिचे वर्णन करिता लेखणी लाजते. ढालीचे बटण म्हणून उडीचे दाबिले आणि खासे कोठीसाहेब स्वहस्ते खंदकात पडले. दुसऱ्या स्वारीत लुटारूंकडे पाठ करून भिंतीवर तलवारीचे सत्तावीस वार केले. भिंतीचे काही गेले नाही. तिसरीत गंजराजापर्यंत पोहोचले, तो हाती तीन पाने आली: भिजलेली वात, फुटका भोंगा आणि शेळीची घंटा. चौथीत पुन्हा घंटा आली. गनिमासमोर घंटा वाजविली. गनीम क्षणभर थांबला, हे खरे. परंतु तो हसावयास थांबला ऐसा कन्येचा अभिप्राय.

रविवारी अकरा वाजले. एक स्वारी उरली. बाईसाहेब दातांत दोरा धरून मागे उभ्या होत्या.

"अहो, गड्डीत पानं किती आहेत?"

"ब्याण्णव."

"आणि हातात येतात तीन. मग लोखंडाच्या गंजावरची ती तेलाची कुपी यायची कधी? पहिल्या दिवशीच मिळाली होती तुम्हाला, मी बघितलंय."

"येईल की."

"ती शेळीची घंटा कशाला ठेवलीत?"

"लागेल कधी..." म्हणता म्हणता कोठीसाहेबांची नजर मागल्या खोलीच्या दाराकडे गेली. मग मान वळवून पुसिले, "पण तुला तर मी हरायलाच हवाय ना?"

"हरा की. पण असे नका हरू. बघवत नाही."

ऐसी मसलत शत्रुपक्षाकडून आली, आणि कोठीसाहेबांनी ती मानली. मग नको ती पाने गड्डीतून काढावयास लागले. दर पानास खेळ पुसे, नक्की काढायचे? आणि कोठीसाहेब म्हणत, "थांब जरा." घंटेपाशी अंगठा फार वेळ राहिला.

"बाबा, चित्र आहे ते," कन्या म्हणाली, "उपाशी नाही मरायची शेळी."

परंतु धरणाऱ्याचे दुःख धरणाऱ्यास. पान गळे, फांदी हले, हलता हलता हलकी होई. झाड काही रडत नाही, झाडामागचे आभाळ तेवढे दिसू लागे. ऐसी ऐंशी पाने गळाली आणि बारा उरली.

आणि शेवटल्या झुंजीत हाती आली दोरी, ढाल आणि तेलाची कुपी. गंजराज धावून आला. कोठीसाहेबांनी ढालीचे बटण दाबावयाचे ते पुन्हा उडीचेच दाबिले, आणि उडाले ते गनिमाच्या डोक्यावरून पार मागे उतरले, आणि कुपी त्याच्या पाठीवर रिती केली. ही युक्ती योजिलेली होती ऐसे कोठीसाहेब सांगतात. गंजराज कोसळला. कन्येने आरोळी ठोकिली. घड्याळात बारास सात मिनिटे कमी होती.

बाईसाहेबांनी दोरा तोडिला. "जिंकलात बाई. ठरलं ते ठरलं," म्हणाल्या, आणि वाटेतल्या यंत्रावर जाऊन दिवा लाविला. शब्द काढला नाही.

कोठीसाहेब विजयी मुद्रेने बसले, आणि बसता बसता मुद्रा उतरली. मग उठले आणि मागल्या खोलीच्या दारात उभे राहिले. येथे बटण नव्हते. पहिली छत्री बाहेर ठेविली, आणि मग पुन्हा आत नेली, आणि मग डोळे मिटून बाहेर ठेविली. तिसऱ्या डब्यापाशी हाक मारिली:

"अगं, ऐकतेस का? जरा इकडे ये. मला 'नक्की काढायचे?' असं विचारायला कुणीतरी लागतंय."

बाईसाहेब आल्या आणि पुसत गेल्या. सूर्य कलेपर्यंत अर्धी खोली मोकळी जाहली. अर्धी जाहली नाही, हेही नमूद असावे. कोठीसाहेब शूर, परंतु शौर्यास मर्यादा आहे. यंत्रापुरती जागा आणि खिडकी मात्र पुरती सुटली.

येणेप्रमाणे रविवारी गंजराजाचा मोड जाहला आणि खोली फत्ते होऊन कोठीसाहेबांच्या नावे कायम जाहली. त्याच सायंकाळी त्या खोलीतून दिवा न लावता यंत्राचा आवाज निघू लागला. नौबत झडली म्हणतात, ती हीच. कळावे.