रशीदभाई आणि रूटचा पासवर्ड

स्वतःच्या दुकानाचं शटर उघडण्याआधी तुम्ही त्यावर टकटक करता का? नाही ना? मग आणखी एक विचारतो. किल्ली आपल्या हातात आहे एवढ्याच जोरावर आजवर किती दारं न विचारता उघडलीत?

रशीदभाई टकटक करतात. बाभुळगावात बसस्टँडच्या मागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रोज सकाळी ते किल्ली हातात घेऊन शटरवर दोनदा बोट वाजवतात, थांबतात, मग कुलूप काढतात. लोक हसतात. "उंदराले आवरायले टाईम द्या लागते, भाऊ," ते सांगतात.

आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ परत देताना जुने सेल आणि तुटका स्क्रूसुद्धा पुडीत बांधून द्यायचे. "तुमचा माल हाय. फेकायचा त तुम्ही फेका." लग्नाच्या पंगतीत पाट दिसला की "हा कोणाचा?" विचारल्याशिवाय बसत नाहीत. एकदा त्यांच्या या विचारण्यात नवरदेवाचा मामा तीनदा उठला आणि शेवटी उपाशीच घरी गेला.

त्यांच्या दुकानातले कॉम्प्युटर लिनक्सवर चालत, म्हणजे विंडोजऐवजी रीतसर फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर. गावात बाकी सगळीकडे चोरीच्या सीडीवर काम चाले, रशीदभाई म्हणत, "चोरीची सीडी माह्या दुकानात नाई लागत." माझ्यासारख्या पत्रकं काढणाऱ्या पोराला हे क्रांतिकारक वाटलं. मी तिथेच मुक्काम ठोकला. त्यांनी मला कॉम्प्युटरवर 'विजय' नावाचं खातं काढून दिलं आणि माझं नाव 'लीडर' ठेवलं. चहा पाजायचे, पत्रक वाचायचे आणि म्हणायचे, "लीडर, उद्गारचिन्हं जरा कमी टाक. शाई माही जाते."

ते वर्ष कापसाचं वाईट वर्ष होतं. खरेदी केंद्र बंद, जिनिंगबाहेर बैलगाड्यांची रांग, आणि भाव रोज खाली. रविवारच्या बाजारात 'खरेदी केंद्र आजच उघडा' हे पत्रक वाटायचं होतं. हातात शुक्रवार आणि शनिवार. मला बसवत नव्हतं.

लिनक्समध्ये रूट नावाचा एक बडा मालक असतो. त्याला कोणतंच दार बंद नाही. त्याच्या नावानं एखादा प्रोग्राम चालवला, की तो प्रोग्राम जे लिहील त्यावर रूटची मालकी बसते. मग तुम्ही साध्या नावानं आलात की तुमचीच फाईल तुम्हाला उभं करत नाही. रशीदभाईंनी मला रूटचा पासवर्ड दिला होता, पण एकाच कामासाठी: ते नमाजला गेले आणि प्रिंटर अडकला तर.

शुक्रवारी ते गेले. प्रिंटर अडकला. मी रूट होऊन तो सोडवला आणि त्याच झपाट्यात पत्रक लिहायचा प्रोग्रामही रूटच्याच नावानं उघडला. काम फक्कड झालं. शनिवारी सकाळी मात्र माझ्या नावानं तो प्रोग्राम उघडेचना. झळकायचा आणि मिटायचा. त्याच्या सेटिंगच्या फाईल रूटच्या झाल्या होत्या.

रशीदभाई नळाच्या रांगेत होते. त्यांना विचारायला दहा मिनिटं लागली असती. पण मला दम कुठला? मी पुन्हा रूट झालो, फोल्डर दाखवणारा प्रोग्राम उघडला, मालक म्हणून 'विजय' निवडला आणि 'आतल्या सगळ्यांना लागू करा' यावर टिचकी मारली. पत्रक उघडलं. मी खूश.

रशीदभाई आले, पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली आणि पुन्हा पासवर्डच मागू लागली. तीनदा तेच.

"काहून रे? मले माह्याच घरात घेऊन नाई राह्यली हे!"

मी काय केलं ते सांगितलं. ते नुसते हुकूम टाईप करायच्या काळ्या पडद्यावर गेले, दोन ओळी टाईप केल्या आणि मोठ्यानं हसले.

"वा रे लीडर! तुनं त साऱ्या मोहल्ल्याचा सातबारा आपल्या नावावर करून टाकला!"

मी माझं फोल्डर निवडायच्या ऐवजी त्याच्या बाहेरचं, सगळ्यांना पोटात घेणारं फोल्डर निवडलं होतं. जमीन कसणाऱ्याची असं छापणारा मी एका टिचकीत जमीनदार झालो होतो.

मग त्यांचं हसू थांबलं. यादीत तीन नावं होती. रशीद, विजय आणि शबाना. तिन्हींचा मालक विजय.

"तुनं ते उघडलं काय?"

"कोणतं?"

"शबानाचं."

"नाही, भाई."

"खरं सांग."

"आईची शपथ. ते आहे हेच मला माहीत नव्हतं."

त्यांनी श्वास सोडला. शबानाभाभी त्यांची बायको. त्या याच दुकानात बसून बायांचे अर्ज टाईप करून देत. मी यायच्या आधीच त्या वारल्या होत्या. रशीदभाईंनी एकेक फोल्डर ज्याचं त्याच्या नावावर केलं. शबानाभाभींचं सर्वांत आधी. आत काय आहे ते न पाहता.

माझी जीभ थांबत नाही. "भाई, तुमच्याकडे रूटचा पासवर्ड आहे. इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही?"

"अर्ज झाले का तिचं तिचं काही लिहीत बसे. मी विचारलं, काय लिहून राह्यली? म्हणे, पुरं झालं का दाखवीन."

"मग?"

"पुरं नाई झालं."

पत्रक छापलं, रविवारी वाटलं. त्यानंतर काही दिवसांनी एक म्हातारी भाभींनी टाईप केलेला जुना अर्ज घेऊन आली. तसाच दुसरा काढून हवा होता. रशीदभाईंनी तो कागद तीनदा वाचला. 'आपली नम्र' पाशी बोट ठेवून मला म्हणाले, "पाह्य, इथं ती नेहमी दोन जागा मोकळ्या सोडे." मग म्हातारीला विचारलं, "मावशी, हा एक दिवस ठेवू काय? उद्या घरी आणून देतो." दुसऱ्या दिवशी तो कागद पुठ्ठ्यात घालून, सायकलवर, चार किलोमीटर दूर तिच्या घरी पोचवून आले.

म्हणून हे लिहिलं. बाभुळगावच्या बसस्टँडमागे टाईप केलेला एखादा अर्ज तुमच्या घरी असेल, रेशनकार्डाचा, पोरीच्या शाळेचा, कशाचाही, तर तो पेटीतून काढा. 'आपली नम्र' पाशी दोन जागा सुटल्यात का बघा. सुटल्या असतील तर तो घेऊन या आणि रशीदभाईंच्या हातात द्या. ते स्वतःहून मागणार नाहीत. त्यांना फक्त एवढं सांगा, "वाचा."