दोन गल्ल्यांना सारखं पाणी

आमच्या छावणीतले शेषरावमामा माणसाच्या छातीला कान लावतात. विचारत वगैरे नाहीत. नोकरीभर त्यांनी शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले, पाईपाला कान लावून पाणी कुठवर आलं ते ओळखलं. रिटायर झाल्यावर पाईप सुटले, खोड तेवढी राहिली. माझा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा मामांनी त्याच्या छातीला कान लावून जाहीर केलं, "मोटर लई चांगलीय. पोरगी द्या."

लग्न होऊन महिना झाला होता.

मग त्यांच्या बायकोचं, गयामामींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या, त्या मामांनी अख्ख्या गल्लीला समजावल्या. "ही मोटर हळू चालवती, म्हणजे जळत नाय. ही पाईप मोठा करती. अन् ही लघवीची, आत साचलेलं पाणी बाहीर काढती." तिसरीवर मात्र त्यांचा राग होता. "इथं आठवड्याला एकदा नळ येतो, अन् हा डॉक्टर पाणी फेकायला लावतो!"

डोस थोड्यापासून सुरू करायचा आणि नाडी, बीपी, पायांची सूज बघत वाढवायचा, हे मात्र त्यांना मनापासून पटलं. "व्हॉल्व्ह आट्याआट्यानंच उघडावा. एकदम सोडला तर पाईप फुटतो."

डॉक्टर आटे सोडत गेले, पण मामींची धाप हटेना. उलट मामाच ढेपाळले. किराणा दुकानात चक्कर येऊन हरभऱ्याच्या पोत्यावर बसले, ते उठेनात. शिवाय सारखी मोरीकडे धाव. शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं मामी खुर्चीत धापा टाकत बसल्या आणि टेबलावर आडवे झाले मामा. डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली आणि चमकले.

"तुम्ही काय औषध घेता?"

"हिचंच. निम्मं."

"कशाला?"

"साहेब, एका व्हॉल्व्हवर दोन गल्ल्या असल्यावर एकीलाच पाणी सोडता येतं व्हय? भांडणं होतेत."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, इकडं यांना गुण येईना म्हणून मी डोस वाढवतोय, आणि तो तुम्हाला चढतोय!"

मामा उठून बसले. मान खाली घालून म्हणाले, "ती एकटी घेतच नाय, साहेब. लग्न झाल्यापासून एकटीनं काही तोंडात घातलं नाय तिनं. पेढा असला तरी मोडून निम्मा देती."

मला मघापासून हसू आवरत नव्हतं. आता ते थांबलं.

डॉक्टरांचाही आवाज उतरला. "मामींना एकदम पूर्ण डोस झेपायचा नाही. आजवर जेवढं त्यांच्या पोटात गेलं, तेवढंच चालू ठेवा. उरलेली अर्धी पुढच्या डोसाच्या वेळी, तीही त्यांनाच. नाडी बघून मी वाढवीन. पण मामा, तुम्ही नाही."

संध्याकाळी मी विचारपूस करायला गेलो. मामांनी गोळी मोडली. अर्धी मामींच्या तळहातावर ठेवली, अर्धी डबीत टाकून झाकण घट्ट लावलं. मामी त्यांच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिल्या.

"घे," म्हणत मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मामींनी गोळी गिळली, वर पाण्याचा घोट घेतला.

"कडू लागली का गं?"

"नाय."

"खोटं बोलू नको. मी खाल्लीय ना."