रंभाजी अस्वलाचा ट्रॅक्टर आणि महाराजांची शाल

एका जंगलात विमानतळ होता. असे दचकू नका, मुलांनो. जंगलात राजा असतो, राजाला परगावी जावं लागतं, आणि राजाने परगावी चालत जाणं बरं दिसत नाही. म्हणून विमानतळ होता. विमान मात्र एकच होतं, सिंहमहाराजांचं.

विमानाची एक खोड आधीच सांगून ठेवतो. ते आभाळात कुठेही जातं, पण जमिनीवर त्याला आपणहून मागे सरकता येत नाही. महाराजांचं विमान भिंतीकडे तोंड करून उभं असायचं. निघायची वेळ झाली की त्याच्या पुढच्या चाकाला लोखंडी दांडा जोडायचा आणि ट्रॅक्टरने त्याला मागे ढकलायचं, अशी रीत होती.

हा ट्रॅक्टर महाराजांच्या आजोबांच्या वेळचा. बुटका, रुंद आणि भलताच जड. त्याचं इंजिन चपट्या डोक्याचं होतं. म्हणजे सगळे वॉल्व कुशीला, आणि वर नुसतं लोखंडी झाकण. डोक्यात काहीच नसल्यामुळे तिथे बिघडण्यासारखंही काही नव्हतं. दरबारातल्या बऱ्याच मंडळींची प्रकृती याच कारणाने ठणठणीत होती.

ट्रॅक्टर चालवायचा रंभाजी अस्वल. तो त्याला ‘गडी’ म्हणे. घरी बायको बोलायला लागली की रंभाजीचं निम्मं लक्ष असे. गडी बोलायला लागला की पूर्ण. गडी नसता तर आपण सकाळी उठून कुठे गेलो असतो, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

एके दिवशी शेजारच्या राज्यातून नवा ट्रॅक्टर आला. तो बॅटरीवर चालायचा, धूर सोडायचा नाही, आणि बसणाऱ्याला नमस्कार करायचा. बगळा प्रधान त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, प्रगती म्हणतात ती हीच. जुना ट्रॅक्टर येत्या बाजाराच्या दिवशी तरसाकडे द्यावा, असा त्याने हुकूम काढला. तरस भंगारवाला होता. तो त्याच संध्याकाळी येऊन गड्याची चाकं दाबून बघून गेला.

रंभाजी घरी आला आणि पानावर बसून रडला. बायकोने, म्हणजे गजराबाईने, त्याला रडू दिलं. मग तो डोळे पुसून म्हणाला, “मी महाराजांना सांगतो, गड्याचा सत्कार करा. शाल पडलेल्या वस्तूला भंगारवाला हात लावत नाही.”

इथे त्या जंगलाचा एक रिवाज सांगायला हवा. तिथे ज्याचा सत्कार होई, त्याने पुन्हा काम करायचं नाही. कोकिळेला शाल मिळाली, तिचं गाणं थांबलं. सुगरणीला श्रीफळ मिळालं, तेव्हापासून ती भाड्याच्या घरट्यात राहते. सन्मान झालेल्याला राबवणं म्हणजे सन्मानाचा अपमान, असं तिथले शहाणे मानत.

गजराबाई म्हणाली, “अवो, पण मग त्याला काम करू देनार न्हाईत.”

“तो नेम जनावरांना. यंत्राला कोन विचारतंय?” रंभाजी म्हणाला.

सत्कार दणक्यात झाला. महाराजांनी गड्याच्या बॉनेटवर शाल पांघरली, बंपरवर नारळ ठेवला, आणि आपण दोघांनी मिळून हे राज्य कसं पुढे नेलं ते सांगितलं. ट्रॅक्टर विमानाला मागे नेत असे, पण हे कोणी बोलून दाखवलं नाही. मग गड्याला उतारावरून एका चौथऱ्यावर चढवलं, भोवती साखळी लावली आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी रंभाजी फडकं घेऊन पुसायला गेला, तर पहारेकऱ्याने त्याला पाटी दाखवली. वाचता येत नाही, असं रंभाजीने सांगून पाहिलं. पहारेकऱ्याने वाचून दाखवली.

तेव्हापासून रंभाजी नवा ट्रॅक्टर चालवू लागला. चालवू लागला म्हणजे, त्यावर बसू लागला. तो नमस्कार करी, रंभाजीही करी. जाता-येता तो चौथऱ्याकडे बघत नसे. बघितलं की त्याला अन्न गोड लागत नसे.

मग एक मोठा दिवस आला. महाराजांना परराज्यात भाषणासाठी बोलावणं आलं. विषय होता, ‘जुन्याची जपणूक’. महाराज विमानात चढले, पट्टा बांधून बसले. रंभाजीने नव्या ट्रॅक्टरची कळ दाबली. ट्रॅक्टरने नमस्कार केला आणि पडद्यावर अक्षरं उमटली : सुधारणा सुरू आहे, कृपया वाट पाहा.

सगळ्यांनी वाट पाहिली. महाराज खिडकीतून भिंत बघत होते. प्रधानाने एक समिती नेमली. समितीने पडदा वाचून, वाट पाहावी असा निर्णय दिला. तेवढ्यात विमानातून एक डरकाळी आली आणि समितीचे निम्मे सभासद झाडावर गेले.

रंभाजी चौथऱ्याकडे चालू लागला. त्याने साखळी ओलांडली. शाल काढून नीट घडी घातली, नारळ बाजूला ठेवला, टाकीत पेट्रोल ओतलं आणि हँडल घालून फिरवलं. गडी खोकला. पुन्हा फिरवलं, पुन्हा खोकला. तिसऱ्या खेपेला निळा धूर निघाला आणि जुना, भरड, ओळखीचा आवाज सुरू झाला. रंभाजीला भरून आलं. ठेकेदाराने चौथऱ्याचा उतार तोडायचा आळस केला होता, त्यावरून दोघं खाली आले. विमान मागे सरकलं. महाराज उडाले. तिकडे भाषणाला टाळ्या पडल्या म्हणतात.

परत आल्यावर दरबार भरला. प्रधान म्हणाला, गुन्हा उघड आहे. सन्मानिताला राबवलं, शाल काढली. कोठडीच हवी.

पण महाराज उपकार विसरणारे नव्हते. त्यांनी विचार केला आणि सांगितलं, “ज्याने आम्हाला वेळेवर पोचवलं, त्याला कोठडी नाही. रंभाजीचा सत्कार करा.”

रंभाजीच्या पायाखालची जमीन सरकली. तो हात जोडून पुढे आला.

“म्हाराज, कोठडी द्या. फटके द्या. पन सत्कार नको. मला अजून काम करायचंय.”

महाराजांचे डोळे पाणावले.

“काय हा विनय,” ते म्हणाले. “याला दोन शाली द्या.”

आता चौथऱ्यावर गड्याशेजारी एक खुर्ची आहे. त्या खुर्चीवर रंभाजी बसतो. शाळेच्या सहली येतात, मास्तर लांबूनच त्याची माहिती सांगतात. पाटीवर आता ‘दोघांनाही’ असा शब्द वाढवला आहे. उतार तोडून टाकला आहे. महाराजांचं विमान भिंतीकडे बघत उभं आहे, आणि नव्या ट्रॅक्टरची सुधारणा अजून सुरू आहे.

तात्पर्य : मुलांनो, जुन्या यंत्रांचा आणि जुन्या माणसांचा नेहमी आदर करावा. त्यांना कायमचं बंद पाडायचा याहून खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही.