गाठ मारणारे आप्पा

आप्पांना हळू बोलता येत नव्हतं. माधवनगरच्या चाळीत त्यांची न् आमची खोली मधे फळ्यांची भिंत घालून वेगळी केलेली, पण ती भिंत नुसती नावाला. ते कुणाच्या कानात गुपित सांगायला लागले की आम्हाला ट्रान्झिस्टर बंद करावा लागे. तसा त्यांचाही दोष नव्हता म्हणा. तीस वर्षं कापडगिरणीत मागावर काढलेली. त्या खडखडाटात साधं 'पाणी दे' म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे.

दुसरी खोड म्हणजे गाठ. मागावर धागा तुटला की पापणी लवायच्या आत ते गाठ मारत, आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे तेवढंच एक औषध होतं. माझं सासूबाईंशी वाजलं, "गाठ मारा वैनी, फुडं चला!" आमच्या ह्यांची बढती हुकली, "गाठ मार गड्या, फुडं चल!" एकदा माझी दाढ ठणकत होती, तर तिथंही तेच. अस्सा संताप आला होता म्हणून सांगू!

त्यांची बायको हौसाक्का गेली तेव्हा आम्ही समाचाराला गेलो, तर आप्पाच आमची समजूत घालायला लागले. "गाठ मारायची, फुडं चालायचं." डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे मेला, असं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा.

हौसाक्काचं एक क्रोशाचं तोरण तेवढं त्यांच्या भिंतीवर खुंटीला लोंबत राहिलं होतं. सात मोर व्हायचे होते, चार झाले. पाचव्याचा पिसारा राहिला, सुई टाक्यात तशीच अडकलेली. वर्ष झालं तरी आप्पांनी त्याला हात लावला नव्हता. मला वाटलं, आळस.

एका रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत बुलबुल शिरला. आला दारातून, पण बाहेर जायला त्याला बंद खिडकीची काचच दिसे. धडका देऊन देऊन दमला, चोच वासून धापा टाकायला लागला. आमचे हे झाडू घेऊन धावले, मी टॉवेल घेऊन.

"झाडू टाका पैला!" आप्पा गरजले. मग पाखराकडे वळून अगदी मायेनं, पण गिरणीतल्या आवाजात म्हणाले, "घाबरू नगंस रं बाळा! म्या हाय न्हवं!"

या दिलाशानं बुलबुलाचा उरलासुरला धीर सुटला. जो उसळला तो थेट तोरणात. पाय चौथ्या मोराच्या मानेत गुंतले. जितकं फडफडावं तितकं सूत आवळायला लागलं, आणि बघता बघता तो उलटा लोंबू लागला.

मी कात्री आणली. "आप्पा, कापा. मरेल तो."

आप्पांनी कात्री घेतली न् उभेच राहिले. एकदा पाखराकडे बघत, एकदा टाक्यातल्या सुईकडे. हा माणूस वेळ का घालवतोय, मला कळेना.

"अहो, जीव जाईल त्याचा!"

तेव्हा त्यांनी डाव्या मुठीत पाखरू अलगद धरलं आणि मोराची मान कापली. पायातलं सूत नखानं एकेक करून सोडवलं. दाराशी जाऊन मूठ उघडली. बुलबुल जरा वेळ तळहातावरच बसला, मग समोरच्या कडुलिंबावर गेला. हे टाळ्या वाजवायला लागले.

आप्पा तोरणापाशी परत आले. सुताची दोन्ही तुटकी टोकं त्यांनी चिमटीत धरली. आज बरे सापडलात, असं मनात म्हणत मी संधी साधली, "आता मारा गाठ, न् चला पुढं!"

टोकं जवळ आली न् थांबली. आप्पांचे ओठ हलले, पण मला काही ऐकू येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी जवळ गेले.

"न्हाई वैनी," ते म्हणत होते, "समदं तिच्या हातचं हाय. माझी गाठ दिसंल त्यात."